राजवाडा म्हणू नका!

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे निम्मे रिकामे झालेले असतील आणि घरात सुट्टीच्या प्रवासाचे बेत रंगत असतील. तुमच्यापैकी काहीजण कोकणात उतरतील, रत्नागिरीला मुक्काम करतील, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपता आटोपता कोणीतरी म्हणेल, "चला, मुलांना थिबा राजाचा राजवाडा दाखवून आणू." या 'कोणीतरी'शी मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण बरे नव्हे, हे मला कळते. पण मी पडलो शाळामास्तर. एक शब्द चुकीचा दिसला की मास्तराला करंजीही गोड लागत नाही.

तो चुकीचा शब्द म्हणजे 'राजवाडा'.

वास्तू देखणी आहे, यात वाद नाही. लाल भिंती, अर्धगोल खिडक्या, त्यांवरचे कोरीव लाकूडकाम, संगमरवरी फरशीचे दालन, मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आणि भोवती ऐसपैस आवार. जवळच्याच थिबा पॉइंटवर उभे राहिले की भाट्याची खाडी आणि समुद्र एका नजरेत मावतात. आत आता वस्तुसंग्रहालय आहे. माणसे येतात, खिडक्यांखाली उभी राहून फोटो काढतात, आवारात झाडाची सावली शोधून डबे सोडतात आणि जाताना म्हणतात, "काय थाट असेल हो राजाचा!"

थाट? १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले. निमित्त होते सागवानाचे. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे-बर्मा कंपनीवर बर्मी दरबाराने लाकडाच्या हिशेबावरून जबर दंड बसवला होता. त्यातून दरबाराची फ्रेंचांशी सलगी इंग्रजांना खुपत होतीच. लढाई पंधरा दिवसांत आटोपली. १ जानेवारी १८८६ रोजी अवघा देश खालसा झाला. राजा, गरोदर राणी सुपयालत आणि दोन लहान मुली यांना आधी मद्रासला नेले आणि एप्रिलमध्ये आणून टाकले रत्नागिरीला. रत्नागिरीच का? तर एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, पावसाळा लागला की बोटी बंद, आणि आगगाडी तर त्या गावाला पोचायला १९९० चे दशक उजाडावे लागले. माणूस विसरला जावा यासाठी याहून सोयीची जागा कोणती?

थिबा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. हे घर बांधून झाले १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षे तो दुसऱ्याच बंगल्यांत राहिला आणि पन्नाशी उलटल्यावर या वास्तूत आला. सहा वर्षे राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. दिमतीला सरकारी अधिकारी होता, पण तो पहाऱ्याचा. परवानगीवाचून कुठे जायची सोय नव्हती. खर्चाला मिळे ते सरकार ठरवील तेवढे. ज्या घराच्या मालकाला फाटकाबाहेर पाऊल टाकायला परक्याची परवानगी लागते, त्या घराला मराठीत एक साधा, सरळ, तीन अक्षरी शब्द आहे.

यावर आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, पण इंग्रजांनी किती दिलदारपणे ठेवले! आपला राजा असता तर मानच कापली असती." हे स्नेही निवृत्त कारकून आहेत, सरकारी खर्चाचा आकडा दिसला की त्यांना गहिवर येतो. त्यांना मी टिळकांचे उदाहरण दिले. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवले ते मंडालेला. तिथला तुरुंग होता थिबाच्याच किल्ल्याच्या तटाच्या आत! रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या राजाच्या कोटात कोंडला, आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. १९१० च्या अखेरीस थिबा या नव्या घरात राहायला आला. त्याच हिवाळ्यात तिकडे टिळक गीतारहस्याचा खर्डा लिहीत होते. टिळकांनाही तिथे स्वयंपाकाला माणूस दिला होता, शेकडो ग्रंथ मागवू दिले होते. म्हणून त्या जागेला 'टिळकांचे मंडालेचे वाचनालय' म्हणायला आमचे स्नेही तयार आहेत काय? मंडाले हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांत पाणी येते, आणि मंडालेच्या माणसाची कोठडी पाहायला आपण भेळ घेऊन जातो.

थिबा संत नव्हता, हेही सांगून टाकतो. नाहीतर कोणीतरी पत्र लिहील. गादीवर आल्यावर थोड्याच दिवसांत, १८७९ साली, त्याच्या दरबारात भाऊबंदांची घोर कत्तल झाली, आणि त्या रक्ताचा डाग त्याच्या नावावरून पुसता येत नाही. पण इंग्रजांनी त्याला पकडले ते त्या पापासाठी नव्हे. आणि त्याच्या लेकींचे काय पाप होते? धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. चौघी मुली बापाच्या शिक्षेत वाढल्या. थोरलीचे मन वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर बसले आणि तिला मुलगी झाली. राजा वारल्यावर त्याचा देह मायदेशी न्यावा म्हणून राणीने हट्ट धरला. सरकारने तो मानला नाही आणि १९१९ साली रत्नागिरीतच त्याला पुरले. त्याच वर्षी राणी परतली, पण तिला ठेवले रंगूनला, मंडाले नाहीच. थोरली लेक मात्र पुढे पुन्हा रत्नागिरीला आली. आपण स्वतंत्र झालो त्या १९४७ सालीच ती या गावात दारिद्र्यात मेली. तिची मुलगी इथेच मराठी बोलत, मराठी संसार करत २००० सालापर्यंत जगली. म्हणजे मंडालेच्या शेवटच्या राजाची नात आपल्यातच होती, आपल्याच बाजारात भाजी घेत होती, आणि आपण सहली घेऊन जात होतो तिच्या आजोबांचा 'थाट' पाहायला!

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. इतिहासाचा पंडित म्हणून हे लिहीत नाही. लिहितो आहे ते अपराधी म्हणून. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी स्वतः तिथे घेऊन गेलो. परत आल्यावर फळ्यावर विषय लिहिला, 'राजवाड्याची सहल'. एकेचाळीस वह्या आल्या. चाळिसांत राजा ऐषारामात राहत होता, बागेत फिरत होता, समुद्राची हवा खात होता. एका वहीत मात्र लिहिले होते, 'थिबा राजाला तीस वर्षे रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवले होते.' मी लाल शाईने 'तुरुंगात' खोडले, वर 'राजवाड्यात' लिहिले आणि अर्धा मार्क कापला.

तेव्हा जाऊ नका असे मी म्हणत नाही. जा, मुलांना घेऊन जा. बागेत बसा, डबेही खा. पण फाटकातून शिरण्यापूर्वी मुलांना सांगा, की इथे एक माणूस कोंडला होता. मग शहरातल्या त्याच्या समाधीवर जा. २०१२ साली ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष एवढ्या लांबून तिथे येऊन गेले, आपल्याला तर रिक्षानेही जाता येते. आणि त्याच दिवशी टिळकांचे जन्मघर पाहा. दोन्ही घरे एकाच दिवशी पाहिल्यावर मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे द्यायला वडीलधाऱ्यांना थोडे अवघड जाईल. जाऊ द्या.

वर्गातल्या त्या मुलाला मी परवा, सहामाही आटोपल्यावर, बोलावून घेतले. त्याची जुनी वही मागितली, माझी लाल रेघ त्याला दाखवली आणि म्हटले, "तुझे बरोबर होते रे. माझे चुकले." त्याने वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग गुरुजी, अर्धा मार्क?"

दिला.