खेळातला पाहुणा

मुलांनो, व्हिडिओ गेममधला एखादा लढवय्या कधी कधी दुसऱ्याच खेळात पाहुणा म्हणून जातो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' या खेळात धालसिम नावाचा भारतीय योगी आणला. १९९६ मध्ये तो अमेरिकन चित्रकथांतील एक्स-मेन वीरांशीही लढला. पण गळ्यात कवट्या, तोंडातून आग! असा भारतीय तुम्ही कुठे पाहिला आहे का? मला हे चित्र पटत नाही. पाहुण्यावरूनच लोक त्याचे घर ओळखतात. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' (२०२०) या खेळातली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघते. ती मला आपली वाटते. आपल्या चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवरही हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. गोंड राजांचे ते चिन्ह. तो धालसिमसमोर उभा राहिला तर?