बी घेतली, पुढं काय?

गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग दिसली की आम्हाला काजूवाले आठवतात. त्यांचा पैसाही असाच अडकून पडतो. मार्च ते मे एवढ्यात बी घ्यायची, तीही वर्षभराची आणि बहुधा कर्जावर. गर कुठल्या भावानं जाईल, कुणाला ठाऊक! २७ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा बी कधीच गोदामात होती. काजूत आपला स्पर्धक असलेल्या व्हिएतनामवर शुल्क होतं २० टक्के.

अशा वेळी घाबरट मालक आधी सोलणाऱ्या बायकांना घरी बसवतो. खर्च वाचल्यासारखा वाटतो खरा. पण छोट्या सुरीनं साल काढताना गर अखंड ठेवणं सरावाच्या बोटांचं काम आहे. ती बोटं दुसरीकडं गेली की पौंडाला ३२० भरणाऱ्या गराऐवजी पाकळ्या आणि तुकडेच वाढतात, भाव उतरतो. धाडसी मालक भावाची वाट बघत बसतो. तोवर व्याज चढतं आणि गर खवट होतो.

आम्हाला आवडतो तिसरा. तो निम्मी बी घेतो, थोडा माल मुंबई-पुण्याकडं वळवतो, कामावरच्या बायका मात्र सोडत नाही. बाजारात त्यालाच भित्रा म्हणतात.