आधी कान, मग पाटी

सोनई म्हटलं की आपल्याला २०१३ सालची तीन दलित तरुणांची हत्या आठवते. शेजारचं शिंगणापूर म्हटलं की २०१६ सालचा चौथरा. मी मात्र तिथल्याच कोप्यांमधल्या ऊसतोड मुलींच्या वाचनाबद्दल लिहिते आहे. हा विषय ‘शिक्षणवाल्यांचा’ म्हणून आपण बाजूला ठेवत आलो, ते मला पटत नाही.

सात वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात बसते. मुळाक्षरं फळ्यावरून सुबक उतरवते. ‘मगर’ वाच म्हटलं की गप्प! तिच्या लेखी ती नुसती चित्रं. अक्षर म्हणजे आपल्याच तोंडातला आवाज, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. मटकी, मामा, मीठ, मुंगी: ओठ मिटल्याशिवाय यातला एकही शब्द सुरू होत नाही. मुलांना ओठांवर बोट ठेवून हे शब्द म्हणायला लावा. हशा पिकतो, आणि काना-वेलांटीनं नक्की काय बदलतं तेही उमजतं.

आपल्या बायांना हे नवं नाही. भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडतो तो कानच. जात्यावरच्या ओवीचं यमक निरक्षर बाईनंच जुळवलं. तरी शाळेत हे ‘खेळ’ ठरतं आणि पाटी गिरवणं हा ‘अभ्यास’. शिवाय पोर ‘पानी’ म्हणाली की आधी तिची बोली सुधारायची घाई. अहो, तिच्या ‘पानी’तला ‘पा’ तर पकडा! ‘ण’ लिहायला ती पुढे शिकेल. एकदा तोंड मिटलं की मग काय शिकवणार?

फलटणला भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं मुळाक्षरांची ठरलेली ओळ सोडली. मोजकी अक्षरं घ्यायची आणि लगेच त्यांचे शब्द करायचे.

‘निपुण भारत’नं २०२१ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मूल तिसरीअखेर वाचेल. पण उसाचा हंगाम साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष. आणि हे काम जिच्या पदरात पडणार त्या अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन! मग मागणी करायची ती तिघींसाठी: सेविकेला प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला, आईला फडाजवळ पाळणाघर, आणि पोरीला मोकळी कड.

येत्या हंगामात कोप्या पडल्या की गटातल्या दोघी-दोघींनी संध्याकाळी तिथं जावं. पाटी न्यायची गरज नाही. भेंड्यांपासून सुरुवात करू.