सल्ला पिकाला, मजुराला का नाही?

उन्हाळी भाजीपाल्यावर उष्णतेचा ताण पडू नये म्हणून सायंकाळी हलके पाणी द्यावे, आच्छादन करावे, दुपारी फवारणी टाळावी, असा सल्ला आपण नेमाने देतो. ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते आणि तीत टोमॅटोच्या फूलगळीचा विचार असतो. तो टोमॅटो ज्या बाईने दुपारी बारा वाजता तोडावयाचा, तिच्या देहाचा विचार मात्र क्वचितच आढळतो. ही उणीव आता भरून काढली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिलाईसारख्या ठिकाणी हा विरोध अधिकच डोळ्यांत भरतो. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. भट्टीपुढे काम करणाऱ्याला उष्णता म्हणजे काय हे कोणी सांगावे लागत नाही, आणि कायद्यानेही ते ओळखले आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून पुरविणे बंधनकारक होते. कारखान्याच्या भिंतीपलीकडे, धमध्याच्या भाजीमळ्यात किंवा दुर्गच्या उन्हाळी धानात राबणाऱ्यासाठी असे बंधन कोणावर आहे? त्याचे पाणी म्हणजे त्याने घरून आणलेली बाटली, आणि ती दहा वाजेपर्यंत तापलेली असते.

उष्माघाताविषयी आपल्याकडे एक हट्टी गैरसमज आहे. घाम थांबला आणि कातडी कोरडी पडली तरच ऊन लागले, असे मानले जाते. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते; परंतु अंगमेहनत करणारा तरुण मजूर घामाने निथळत असतानाही उष्माघाताने कोसळू शकतो. म्हणून खूण घामात शोधू नये, बोलण्यात शोधावी. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायांत गोळे येणे ही उष्णतेने आलेल्या थकव्याची लक्षणे होत. माणूस शुद्धीवर व नीट बोलत असेल तर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी (एक लिटरला सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ) यांनी तो बहुधा सावरतो. तासाभरात उतार न पडल्यास दवाखाना गाठावा. पण तो असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडला, झोकांड्या देऊ लागला, गावाचे नाव किंवा आजचा वार सांगता येईना, तर त्याचा मेंदू तापला आहे असे धरून चालावे. शरीराचे आतील तापमान 40 अंशांपलीकडे गेलेले असते, आणि येथून पुढे हिशेब मिनिटांचा असतो.

अशा वेळी गाडी शोधण्यात जो अर्धा तास जातो, तोच जीव घेतो. एकाने 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा. इतरांनी त्याच क्षणी थंड करण्यास लागावे. विहिरीवरील पंप चालू करून नळीचे पाणी अंगावर धरावे. जवळ हौद असेल तर डोके दोघांनी वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवावे. हौद नसेल तर ओला गमछा सर्वांगाला लावून जोराने वारा घालावा, आणि गमछा पुन्हा पुन्हा भिजवावा. फवारणीचा पंप मात्र यासाठी कदापि वापरू नये. त्यात औषधाचा अंश असतो. भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप रोगाचा नव्हे.

फवारणी करताना कोणी पडला तर घोटाळा होण्याचा संभव मोठा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या बाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते. उष्माघातात अंग हाताला चटका बसावा इतके तापते. शंका असल्यास कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवावे. दोन्ही प्रसंगी ते उपकारकच ठरते. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्यावा.

केवळ पारा पाहून निर्धास्त राहणेही चूक. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश झाल्याखेरीज हवामान खाते उष्णतेची लाट गणत नाही, आणि तो पारा सावलीतील पेटीतला असतो. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतील खारघर येथे तापमान 38 अंशांच्या आसपास होते. तरी उघड्या मैदानावरील सोहळ्यानंतर 14 जणांचा मृत्यू झाला. दमट हवेत घाम सुकत नाही, हे त्याचे कारण. आपल्याकडे जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर रोपवाटिका व चिखलणीच्या दिवसांत, नेमकी हीच स्थिती येते आणि आपण मात्र उन्हाळा संपला असे समजतो.

बासी भाताचा येथे उल्लेख केला पाहिजे. रात्रभर पाण्यात भिजविलेला भात, त्यात मीठ, सोबत कांदा. छत्तीसगड शासनाने 2022 पासून 1 मे रोजी बोरे बासीचा गौरव केला, ते योग्यच झाले. पाणी आणि क्षार पोटात नेणारी ही न्याहारी विदर्भातील आंबिलीइतकीच शहाणपणाची आहे. खिशातील कांद्याने मात्र काही होत नाही. तो पोटात जावा.

तथापि खरी अडचण अज्ञानाची नसून मजुरीच्या पद्धतीची आहे. काम उक्ते दिले की मजूर सावलीत बसत नाही, कारण बसलेला प्रत्येक क्षण त्याच्या पैशांतून जातो. प्रगतिशील शेतकऱ्यांनी येथे पुढाकार घ्यावा. काम पहाटे पाचला सुरू करून साडेदहाला थांबवावे, उरलेले सायंकाळी घ्यावे, आणि विश्रांतीची वेळ मजुरीत धरावी. नव्या अथवा बऱ्याच दिवसांनी आलेल्या मजुराला पहिला आठवडा हलके काम द्यावे. देह उन्हाला सरावण्यास एक ते दोन आठवडे घेतो. एकट्याला दूरच्या बांधीत पाठवू नये, कारण भान सुटत चालल्याचे ज्याचे त्याला कळत नाही, शेजारच्याला कळते.

विस्तार कार्यकर्त्यांकडे माझी मागणी लहान आहे. येत्या मंगळवारच्या पत्रिकेत पिकांच्या सल्ल्याच्या वर एक ओळ असावी: या आठवड्यात शेतकाम किती वाजता थांबवावे. ती ओळ गावाच्या फळ्यावरही लिहावी, आणि तिच्याखाली 108.