गोळीला हुद्दा कळत नाही: शिरगाव, तारापूर आणि फाशांवरची शस्त्रे (थ्रेड)

१/ टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या इतिहासप्रेमींत एक वाक्य सर्रास ऐकू येते: “वास्तव आणले की खेळाची मजा जाते.” हे मला साफ अमान्य आहे. मजा जाते ती वास्तव चुकीच्या जागी आणल्याने.

२/ उदाहरण घरचेच घेऊ. जानेवारी १७३९. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही पोर्तुगीज ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. एवढा नामांकित सरदार. गोळीने हुद्दा पाहिला नाही.

३/ आता ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती (२०१४) पाहा. ठासणीच्या बंदुकीची इजा बारा बाजूंच्या एका फाशाएवढी. कसलेल्या योद्ध्याचे हिट पॉइंट्स शंभराच्या घरात. म्हणजे ताज्या दमाचा सरदार एका गोळीने मरूच शकत नाही! शिवाय सहा सेकंदांच्या प्रत्येक फेरीत बंदूक पुन्हा झाडता येते.

४/ यावर ‘वास्तववाद्यां’चा उपाय काय? दारू, गोळी, गज, तोडा, प्रत्येकासाठी निराळा फासा. दमट हवेचा निराळा तक्ता. शिरगावच्या किल्ल्यावर बेतलेला आमचा डाव असाच मांडला होता. दोन तासांत तटाला शिडीही लागली नाही. दोष माझाच, तक्ते मीच केले होते.

५/ मग तक्ते फाडले आणि तीन नियम ठेवले.
• बंदूक झाडली की ती भरायला पाच फेऱ्या. थांबायचे की तलवार उपसायची, हे तुम्ही ठरवा.
• उघड्यावर लागलेली गोळी कोणाचाही जीव घेऊ शकते.
• आडोशाने मोर्चा पुढे सरकवता येतो. पण वेळ जातो, आणि तटावरचे लोक तेवढ्यात सावरतात.

६/ पुढच्या डावात कोणी तटावर उडी घेतली नाही. शिडीवर पहिला कोण चढणार, यावर अर्धा तास वाद झाला. मोर्चे आणि सुरुंग यांना वेढ्यात एवढे महत्त्व का होते, ते त्या अर्ध्या तासात सर्वांना उमगले. त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा तटही सुरुंगांनीच फोडला होता.

७/ तात्पर्य: शस्त्राचे वास्तव त्याच्या वजनात किंवा लांबीत नसते; ते माणसाला कोणत्या पेचात टाकते, यात असते. खेळाडूचा निर्णय न बदलणारा नियम खुशाल काढा. बदलणारा मात्र कितीही गैरसोयीचा असला तरी ठेवा. शंभर हिट पॉइंट्सचा नायक शिडी चढताना काहीच पणाला लावत नाही. तारापूरला जे पडले, त्यांनी सर्वस्व लावले होते.