शब्दांची ओळख : नॉमिनी आणि गॅरंटर

महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला तो २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या भगिनींची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. नांदेड असो की लातूर, बँकेच्या फॉर्मवर मात्र इंग्रजी शब्द असतातच. या महिन्यात त्यातले दोन पाहू.

आधी एक खूण लक्षात ठेवा. शब्दाच्या शेवटी ‘अर’ आला तर बहुधा तो काम करणारा, आणि ‘ई’ आला तर ज्याच्या बाबतीत ते काम होते तो. ट्रेनर शिकवतो, ट्रेनी शिकतो. एम्प्लॉयर नोकरी देतो, एम्प्लॉयी नोकरी करतो.

नॉमिनी : नॉमिनेट म्हणजे नाव देणे. ज्याचे नाव दिले तो नॉमिनी. एवढाच अर्थ; मालक नव्हे, वारसही नव्हे. खातेदार वारला की बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण ती रक्कम त्याच्याकडे अमानत असते. बँक खात्याबाबत सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये हेच सांगितले. (विम्याचे नियम थोडे वेगळे आहेत.) थोरला मुलगा नॉमिनी असला तरी आईचा आठवा हिस्सा आणि बहिणींचा हिस्सा कायम राहतो. “कागदावर माझे नाव आहे, पैसा माझा,” हे म्हणणे चूक. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

गॅरंटर : पंख्याची गॅरंटी दुकानदार देतो. कर्जाची गॅरंटी देणारा तो गॅरंटर, म्हणजे जामीनदार. हा साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची. हप्ते थकले तर बँक थेट त्याच्याकडे येऊ शकते. म्हणून कोणी “भाभी, फक्त एक सही करा,” म्हटले, तर सहीच्या जागेखाली कोणता शब्द छापला आहे तो आधी वाचा. तिथे ‘विटनेस’ असेल तर साक्षीदार. ‘गॅरंटर’ असेल तर रक्कम किती आणि हप्ते किती, हे विचारल्याशिवाय पेन उचलू नका.

घरचा अभ्यास : चेकवर ‘पेयी’ लिहिलेले असते. शेवटी ‘ई’ आहे. मग तो पैसे देणारा की घेणारा? मुलांना विचारा. आणि घरातली पासबुके काढून पाहा, नॉमिनी कोण आहे.