भयकथा आवडीनं वाचतो, मग त्यांच्याबद्दल लिहीत का नाही?

१३ सप्टेंबर २०२४ला ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरमध्ये लागला आणि २०१८च्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई करून गेला. पुढच्या तीन आठवड्यांत, ३ ऑक्टोबरला, केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. वरवर पाहता या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण मराठीचा वारसा मोजायला बसलो की एक प्रश्न उरतोच : ज्या गोष्टी वाचून आपण रात्री दिवा चालू ठेवून झोपलो, त्या या वारशात धरायच्या की नाही?

ही परंपरा किती जुनी?

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रं घराघरांत पोचली होती. नारायण धारपांनी (१९२५-२००८) भयकथेला मराठी घर, मराठी माणसं आणि ‘समर्थ’सारखा नायक दिला. रत्नाकर मतकरींनी गूढकथेत भुतापेक्षा माणसाच्या मनाला जास्त जागा दिली. आज हृषीकेश गुप्ते याच वाटेनं पुढे गेलेत. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ हे दिवाळी अंक तर अशा कथांसाठीच ओळखले जातात.

मग अडलं कुठे?

‘हे काय, वेळ घालवायचं वाचन’ ही समजूत आड येते. मतकरींचंच उदाहरण घ्या. साहित्य अकादमीनं २०१८मध्ये त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. तो रास्तच होता. पण अनेक वाचक त्यांना आधी ओळखतात ते गूढकथाकार म्हणून.

दुसरं कारण आपल्या मोबाइलमध्ये आहे. ‘एकट्यानं वाचू नका अशी ५ पुस्तकं’ ही रील आपण बघतो, सेव्ह करतो आणि विसरतो. पुस्तक भीतीदायक आहे एवढं त्यातून कळतं. ते कशामुळे घाबरवतं, हे कळत नाही.

समीक्षा नसली तर बिघडतं काय?

पहिलं नुकसान श्रेयाचं. ‘तुंबाड’मागे धारपांची ‘आजी’ ही कथा आहे आणि त्या कथेमागे अमेरिकन लेखक स्टीफन किंगची ‘ग्रामा’. म्हणजे एक गोष्ट अमेरिकेतून मराठीत आणि तिथून हिंदी सिनेमात पोचली. मूळ कल्पना कुणाची, धारपांनी त्यात आपलं काय घातलं, सिनेमानं काय बदललं, हे कुणी नीट मांडलं नाही तर चर्चा दोनच टोकांना जाते : ‘सगळं चोरलेलं’ किंवा ‘सगळं आपलंच’. दोन्ही चूक.

दुसरं नुकसान विचारांचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा राज्यात भुताची गोष्ट लिहिणं हा गुन्हा नाही. भूत ही कल्पना आहे, हे वाचकाला माहीत असतं. पण एखाद्या कथेत एकट्या, म्हाताऱ्या बाईलाच चेटकीण ठरवलं असेल आणि मांत्रिकच तारणहार असेल, तर त्यावर बोट ठेवायला कुणीतरी हवं. कथेवर बंदी घालण्यापेक्षा तिची चिकित्सा करणं केव्हाही बरं.

आणि मराठवाडा कुठे आहे?

मराठी भय म्हटलं की डोळ्यासमोर कोकणच येतं : वाडा, माड, धो धो पाऊस. ‘तुंबाड’ तिथला, २०१६ची ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिकाही तिथलीच. पण छत्रपती संभाजीनगरपासून जवळच देवगिरीच्या किल्ल्यात ‘अंधारी’ आहे. शत्रूला चकवण्यासाठी खोदलेला, वळणावळणाचा काळोखा मार्ग. तिथे टॉर्च बंद केला की शेजारचा माणूस दिसत नाही. ‘तुंबाड’मध्ये पाऊस थांबत नाही म्हणून भीती वाटते. आमच्याकडे तो येतच नाही, याची वाटते. कोरडी विहीर, टँकरची वाट बघणारं गाव, रात्री बंद घरातून येणारा आवाज... इथली भयकथा कोकणातून उसनी आणायची गरज नाही. पण वाचकांनी ती मागितली, तर लिहिणाऱ्यांना हुरूप येईल.

तुम्ही काय करू शकता?

पुढचं पुस्तक संपवलं की चार प्रश्नांची उत्तरं लिहा :

१. भीती नेमकी कशातून आली : प्रसंगातून, भाषेतून की नुसत्या दचकवण्यातून?
२. गोष्ट याच गावात का घडते? गाव बदललं तर काही बिघडेल का?
३. गुन्हा किंवा शाप कुणाच्या वाट्याला आला आणि का?
४. रहस्य कळल्यावरही पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटतं का?

शेवट मात्र फोडू नका. रहस्यकथेच्या समीक्षेत एवढं पथ्य पाळावंच लागतं. खुनी कोण हे न सांगताही लेखकानं दुवे प्रामाणिकपणे पेरलेत की शेवटच्या पानावर नवंच पात्र आणून फसवलंय, हे सांगता येतं.

पाच तारे देऊन पुस्तक फार तर खपेल. तुमच्या चार ओळींमुळे पुढच्या वाचकाला कळेल की आपण नेमके कशाला घाबरतो.